सुमंत त्रिभुवनची कबर

उपासना संपत आली होती. आशीर्वाद द्यायला मी दोन्ही हात वर केले, डोळे मिटण्याआधी सवयीनं शेवटच्या रांगेपर्यंत नजर टाकली, आणि दारापाशी मला सुमंत त्रिभुवन उभा दिसला.

शब्द तोंडातच राहिले. अठ्ठावीस वर्षं दर आठवड्याला म्हणत आलेला आशीर्वाद, झोपेतून उठवलं असतं तरी चुकला नसता. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. पाळकसाहेबांना इथलं ऊन बाधलं, असं त्यांना वाटलं असेल. मी कसंबसं ‘आमेन’ म्हटलं आणि पुन्हा पाहिलं तेव्हा दारात नुसता उजेड होता.

सुमंतला मी पाच वर्षांपूर्वी माझ्या हातानं माती दिली होती.

ही गोष्ट मस्कतमधली, अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. तेव्हा मी श्रीरामपूरजवळच्या एका मंडळीचा पाळक होतो. आखाती देशांत कामाला गेलेले आमच्या भागातले ख्रिस्ती लोक वर्ष-दोन वर्षांनी गावाकडचा एखादा पाळक बोलावून घेत. त्या वर्षी माझी पाळी होती. बहारीन झालं, दुबई झाली, मस्कत शेवटचं. माझ्या सूटकेसमध्ये कपडे कमी आणि लोकांनी दिलेल्या पुड्या जास्त : लसणाची चटणी, शेवया, कुरडया, कुणाच्या आईनं आवाज भरून दिलेली कॅसेट. तिथली माणसं आधी त्या पुड्यांवर तुटून पडत आणि मग उपदेशाला बसत. खरं सांगायचं तर मला तो दौरा फार आवडला होता. गावात ज्याच्या सायकलची चेन दिवसातून दोनदा पडायची, त्या माणसाला तिकडं थंडगार मोटारीतून फिरवत होते. बहारीनला दोन बाळांचे बाप्तिस्मे केले, दुबईत एका नव्या घराचा गृहप्रवेश प्रार्थनेनं करून दिला. सगळीकडं मान, सगळीकडं जेवणं.

मस्कतला आमच्या लोकांना एका चर्चच्या आवारातला हॉल शुक्रवारी सव्वा तास मिळायचा. तिकडं सुट्टी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारीच. आमच्या आधी मल्याळी मंडळी, आमच्यानंतर तमिळ. त्यामुळं उपासना संपली की लगेच खुर्च्या सोडाव्या लागत. त्या गर्दीतून वाट काढत मी बाहेर आलो. आवारात पन्नासेक माणसं होती. सुमंत नव्हता.

ज्यांच्याकडं मी उतरलो होतो ते विल्सन आल्हाट मागोमाग आले. ते तिथल्या मराठी मंडळीचे पुढारी, एका गोदामावर मुकादम होते.

“काय झालं, पाळकसाहेब? चक्कर आली का?”

“मघाशी दारात कोण उभं होतं? निळा शर्ट, बारीकसा.”

“तो होय! तो लिंगन्ना. आदिलाबादकडचा आहे. आपल्यातला नाही, हिंदू आहे. पण महिन्यातून एखाद्या शुक्रवारी येतो, बाहेरच उभा राहतो. आत या म्हटलं तर येत नाही. गाणी ऐकतो आणि जातो.”

“मराठी बोलतो?”

“तुमच्यामाझ्यासारखी. तिकडं सरहद्दीवर बोलतात म्हणे.”

“चालताना डावा पाय जरा फेकतो?”

आल्हाट माझ्याकडं बघत राहिले. “तुम्हाला कसं ठाऊक?”

सुमंत दहा वर्षांचा असताना उसाच्या बैलगाडीचं चाक त्याच्या डाव्या पायावरून गेलं होतं. दोन बोटं काढावी लागली होती. दवाखान्यात त्याला उचलून नेणारा मीच होतो.

दुपारी आल्हाटांच्या घरी बिर्याणी केली होती. मला दोन घासांच्या वर जाईना. चारच्या सुमाराला मी त्यांना म्हटलं, त्या लिंगन्नाच्या कॅम्पवर मला घेऊन चला. का, ते विचारू नका. आल्हाट भले माणूस, त्यांनी विचारलं नाही.

शहराबाहेर तासाभराच्या अंतरावर मजुरांचा कॅम्प होता. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, दोऱ्यांवर वाळत घातलेले कामाचे कपडे, एका कडेला पाण्याची मोठी टाकी. टाकीच्या सावलीत तो एकटा बसला होता. आम्हाला येताना पाहून उठला, पण पळाला नाही. आल्हाट गाडीतच थांबले.

मी जवळ गेलो. त्याच्या पायात रबरी चपला होत्या. डाव्या पायाची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट नव्हतं.

“सलाम, पाळकसाहेब,” तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. ओळख दाखवायला नव्हे. तो हाताला लागतो का, ते बघायला. हात गरम होता, घामेजलेला होता, तळव्याला घट्टे होते. त्यानंच मला धरून टाकीच्या कट्ट्यावर बसवलं.

“पाणी देऊ?”

“सुमंत, मी तुला पुरलंय रे,” मी म्हणालो.

“ठाऊक आहे मला.”

मग त्यानं सांगितलं. तो आणि लिंगन्ना एकाच कंपनीत, एकाच खोलीत होते. लांब वाळवंटात पाइप टाकायचं काम चालायचं, तिथं रोज पाण्याचा टँकर जायचा आणि टँकरबरोबर एक मजूर. शुक्रवारी ती पाळी कुणालाच नको असायची. त्या शुक्रवारी ती सुमंतवर आली होती. पण त्या दिवशी मस्कतला मराठी उपासना होती, प्रभुभोजन होतं, आणि सहा महिन्यांत त्याला एकदाही जायला मिळालं नव्हतं.

“लिंगन्ना म्हणाला, मला काय, मी कुठं जाणार आहे, तू जा. माझं कार्ड गळ्यात घालून तो गेला. फाटकावर माझं नाव लिहून घेतलं. मी उपासनेला गेलो, तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. तिकडं वाळवंटात वादी म्हणतात, कोरडा ओढा, त्यात तो टँकर उलटला आणि पेटला. ड्रायव्हर आणि लिंगन्ना, दोघंही.” तो थोडा थांबला. “मी तेव्हा गाणं म्हणत होतो, पाळकसाहेब.”

“मग तू परत येऊन सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं. त्याच संध्याकाळी सांगितलं. फोरमननं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाला, परवानगीशिवाय पाळी बदललीस, दुसऱ्याला मारलंस, आता तुरुंगात सडशील. कागद झालेत, पोलिसांत नाव गेलंय, आता तू लिंगन्ना. रात्रीतून दुसऱ्या साइटवर पाठवून दिलं मला. मिशा दोघांच्या सारख्या, अंगानं सारखे. हजार मजुरांत कोण बघतंय?”

“आणि नंतर? पाच वर्षं?”

 तो हळू आवाजात म्हणाला, “मी एक विचारू? पाच वर्षं झाली, हे एकच मला कळत नाही. माझी आई फसली कशी? चेहरा जळला होता, मान्य. पण ती पाय बघितल्याशिवाय राहिली कशी? माझा पाय तिला ठाऊक नव्हता का? मला वाटायचं, ती बघेल, ओरडेल, हा माझा नाही म्हणेल, आणि मग सगळं आपोआप उलगडेल. मी वाट बघत होतो. महिना गेला, दोन महिने गेले. काहीच झालं नाही.”



मार्थाबाईंनी, त्याच्या आईनं, माती देताना तेच मागितलं होतं. पेटी कबरीपाशी ठेवलेली, सगळी वस्ती जमलेली, आणि ती बाई पेटीपाशी येऊन मला म्हणाली होती, “तोंड नका दाखवू. नुसते पाय दाखवा.” सोबतच्या कागदांवर पेटी उघडू नये असा शिक्का होता. मी झाकणावर हात ठेवला आणि म्हणालो, मार्थाबाई, तो कसा होता तसाच त्याला आठवा. ती पुन्हा म्हणाली, पाय दाखवा. दोन बायकांना मी डोळ्यांनी खुणावलं, त्यांनी तिला दंडाला धरून बाजूला नेलं, आणि मी विधी सुरू केला.

“तिनं मागितलं होतं,” मी सुमंतला म्हणालो. “मी बघू दिलं नाही.”

 टाकीतून पाणी ठिबकत होतं, तो तिकडं बघत राहिला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

“चल माझ्याबरोबर,” मी म्हणालो. “दूतावासात जाऊ. मी सही करतो. तुला पुरल्याची नोंद मी केली, आता तू जिवंत असल्याचंही मीच लिहून देतो.”

“मी जिवंत झालो की लिंगन्ना मेला,” तो म्हणाला. “तुम्हाला अजून कळलं नाही का? त्याच्या आईच्या हिशेबी तो जिवंत आहे.”

त्यानं मला खोलीत नेलं. सहा जणांच्या पलंगांच्या मधून वाट काढत आपल्या पलंगाखालून पत्र्याची एक ट्रंक ओढली. त्यात पत्रं होती, निळी, आंतरदेशीय नव्हे, परदेशी टपालाची. पाच वर्षांची.

“अपघातानंतर चार दिवसांनी त्याच्या नावावर पत्र आलं. त्याच्या आईचं. तिला लिहिता येत नाही, गावातला पोस्टमन लिहून देतो, मराठीत. ‘तुझा ताप उतरला का’ म्हणून विचारलं होतं. मला काय करावं कळेना. मी लिहिलं, उतरला.”

“तू लिहिलंस?”

“एकदाच म्हणून लिहिलं. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. पुढच्या पत्रात तिनं लिहिलं, तुझं पत्र पोस्टमनकडून तीनदा वाचून घेतलं. मग कसं सांगणार?” त्यानं ट्रंक बंद केली. “पोशव्वा नाव आहे तिचं. तिचे गुडघे दुखतात. एक म्हैस होती, ती मागच्या वर्षी मेली. मला तिच्या घरातलं सगळं ठाऊक आहे, पाळकसाहेब. माझ्या आईचं मला काहीच ठाऊक नाही.”

 गाडीपाशी तो म्हणाला, “एप्रिलमध्ये लिंगन्नाची रजा आहे. दोनदा मी टाळली. या वेळी ती म्हणते, आला नाहीस तर मी मरेन. तुम्ही तिला सांगाल? त्याला कुठं ठेवलंय ते तुम्हालाच माहीत आहे.”

मी हो म्हणालो. आल्हाटांच्या गाडीत बसलो.

श्रीरामपूरला एसटीतून उतरलो तो घरी न जाता सूटकेस घेऊन तसाच मार्थाबाईंच्या दारात गेलो. त्या पेटीला माती दिल्यापासून ही बाई एकदाही कबरस्थानात गेली नव्हती. लोक नावं ठेवत. मीही एकदा उपदेशात, नाव न घेता, देवाची इच्छा न मानणाऱ्या कठीण मनांबद्दल बोललो होतो. तेव्हापासून तिनं उपासनेला येणं सोडलं होतं.

ती उंबऱ्याशी मेथी निवडत बसली होती.

“आत येऊ का, मार्थाबाई?”

“आलाच आहात.”

मी समोर बसलो. वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना.

“सुमंत जिवंत आहे.”

तिची बोटं दोन-तीन काड्या तशीच खुडत राहिली. मग थांबली.

“कुठं पाहिला?”

“मस्कतला. बोललो त्याच्याशी.”

“पाय पाहिला?”

“पाहिला. तोच आहे.”

ती उठली म्हणून मीही उठलो, आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. साठीतली बाई, पण कानात सूं झालं. समोरच्या घरातली माणसं दारात आली. तिनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही.

“त्या दिवशी का नाही दाखवला?”

माझ्याकडं उत्तरं पुष्कळ होती. कागदावरचा शिक्का, जमलेली लेकरंबाळं, वास. ती सगळी खरी होती. पण मी तिला जे सांगितलं ते माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

“मला संध्याकाळी नगरला सभेला जायचं होतं. उशीर होत होता.”

“सभेला,” ती म्हणाली.

“हो.”

ती खाली बसली. मला वाटलं आता रडेल, मग वाटलं हसेल. दोन्ही नाही. तिनं मेथीच्या जुडीवर हात ठेवला. मी सगळी हकीकत सांगितली, पाळी बदलल्यापासून पत्रांपर्यंत. मध्ये तिनं एकदाच विचारलं, वाळला का तो? मी म्हणालो, होता तसाच आहे. एप्रिलमध्ये येतो म्हणालाय.

“मग त्या पेटीत तो लिंगन्ना होता.”

“हो.”

“त्याच्या आईला अजून पत्रं जातात?”

“जातात.”

तिनं निवडलेली मेथी कागदात गुंडाळली. “जा तुम्ही आता. मला एकटीला बसू द्या.” मी अंगणात पोचलो तेव्हा मागून हाक आली. “पाळकसाहेब, तिला सांगायला जाल तेव्हा नुसतं सांगून येऊ नका. इकडं घेऊन या.”

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुमंत लिंगन्नाच्या पासपोर्टवर मुंबईला उतरला. मी त्याला न्यायला गेलो होतो. आईला भेटायच्या आधी तिकडं जायचं, हा त्याचा हट्ट. आधी तिला भेटलो तर मग माझ्यानं तिकडं जाववणार नाही, म्हणाला. किनवटपर्यंत आम्ही रेल्वेनं गेलो, पुढं जीपनं, आदिलाबादच्या हद्दीत. जीपमध्ये मी विचारलं, “तू तिला काय लिहिलंयस?”

“मी येतोय, असं.”

“लिंगन्ना येतोय, असं?”

“नाही. ‘मी’ लिहिलं,” तो म्हणाला आणि बाहेर बघायला लागला.

गावात शिरलो. रस्त्याच्या तोंडाशी पोरं उभी होती, जीप दिसताच ती ओरडत पुढं पळाली. पोशव्वाचं घर विचारायची गरजच पडली नाही. अंगण नुकतं सारवलेलं, दाराला आंब्याची पानं, भावकीतली वीस-पंचवीस माणसं जमलेली. एक ठेंगणी, सावळी बाई गुडघ्यावर हात टेकत टेकत पुढं आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि भाकरीचा तुकडा, ओवाळून टाकायला.

तिनं माझ्याकडं पाहिलं. सुमंतकडं पाहिलं. मग आमच्या दोघांच्या मधून रस्त्याकडं पाहिलं.

“लिंगू मागून येतो का?” तिनं विचारलं.

मी पाळक होतो. मृत्यूची बातमी घेऊन मी शेकडो घरांत गेलो होतो. त्या बाईपुढं माझी जीभ उचलेना. सुमंत तिच्या पायांशी बसला आणि त्यानंच सांगितलं. सगळं, एका दमात, मान खाली घालून. मधेच तांब्या पडल्याचा आवाज झाला. बायकांनी एकच आकांत केला. लिंगन्नाचा मामा धावून आला, त्यानं सुमंतची कॉलर धरून त्याला उभा केला आणि दोन तडाखे दिले. सुमंतनं हात वर केला नाही. मी मध्ये पडायला गेलो तर मलाही ढकललं.

“सोड त्याले,” पोशव्वा म्हणाली.

ती रडत नव्हती. ती आत गेली.  आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आली, झाकण काढलं. सुमंतच्या ट्रंकेत जी होती त्यांची उत्तरं इथं होती, पाच वर्षांची, गठ्ठे करून सुतळीनं बांधलेली.

“हे कोणी लिहिलं?”

“मी,” सुमंत म्हणाला.

“सगळे?”

“सगळे.”

“माह्या गुडघ्याले तेल धाडलं थे?”

“मीच.”

“म्हैस मेली तवा लिहिलं होतं, रडू नको, मी आहो.”

 सुमंतनं नुसती मान हलवली.

तिनं झाकण लावलं. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, जणू त्यात कुठं काही सापडतंय का बघत होती.

“आता लिहू नको,” ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “कुठी ठेवलं त्याले?”

पुढचं भराभर सांगतो, कारण मला शेवटी सांगायचं आहे ते वेगळंच आहे. कागदोपत्री सुमंत त्रिभुवनला जिवंत व्हायला तीन वर्षं लागली. जबाब, वकील, तहसीलदार, सगळं झालं. दुसऱ्याच्या पासपोर्टवर आल्याबद्दल त्याला काही दिवस कोठडीही झाली. पुढं त्यानं श्रीरामपूरच्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान टाकलं, आजही चालवतो. वर्षातून एकदा तो आदिलाबादकडं जातो. सुरुवातीला पोशव्वा त्याला अंगणातच बसवायची, काही वर्षांनी घरात बसवू लागली. त्याहून अधिक काही झालं असेल तर मला ठाऊक नाही. मी मंडळीपुढं उभा राहून सगळं सांगितलं आणि राजीनामा दिला. पंचांनी तो सहा महिने ठेवून घेतला आणि मग मान्य केला.

पण मला सांगायचं आहे ते त्या एप्रिलमधलं.

पोशव्वा आमच्याबरोबर आली. तिचा भाऊ सोबत होता. चौदा तासांच्या प्रवासात तो डबा तिच्या मांडीवरच होता. सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही सरळ कबरस्थानात गेलो. फाटकाशी मार्थाबाई उभ्या होत्या. कुणी कळवलं, कधीपासून उभ्या होत्या, माहीत नाही.

सुमंत तिथंच थबकला. मला वाटलं, आता त्या लेकाला पाच वर्षांनी कवटाळतील. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, हात पुढं करून एकदा त्याचा गाल चाचपला, आणि त्याला बाजूला सारून त्या पोशव्वापाशी गेल्या. तिचा हात धरला. दोघींची गाठ याआधी पडलेली नव्हती, एकमेकींची बोलीही नीट कळत नव्हती. तशाच दोघी कबरींच्या मधून चालत गेल्या, एकीचे गुडघे दुखत होते म्हणून दुसरी सावकाश चालत होती.

कबरीवर गवत वाढलं होतं. दगडावर सुमंतचं नाव, जन्म, मृत्यू. पोशव्वाला वाचता येत नव्हतं. तिनं बोटानं अक्षरं चाचपली.

“हे त्याचं नाव आहे?”

“नाही,” मी म्हणालो. “बदलून घेऊ. तुम्हाला त्याला गावी न्यायचं असेल तर तेही करू.”

 मार्थाबाई कबरीकडं बघत म्हणाल्या, “मी पाच वर्षं इथं आले नाही, बाई. माझा नाही म्हणून आले नाही. कुणाचा तरी असेल, हे माझ्या मनातच आलं नाही.”

पोशव्वानं माझ्याकडं पाहिलं.

“त्याले मातीत ठेवलं तवा कोणी रडलं का, बाबा?”

“सगळी वस्ती रडली,” मी म्हणालो. ते खरं होतं.

“याच्यासाठी?” तिनं सुमंतकडं बोट केलं.

मी मान हलवली.

“म्हणजे त्याच्यासाठी अजून कोणीच रडलं नाही,” ती म्हणाली.

मग तिनं डबा बाजूला ठेवला, हळूहळू खाली बसली, दोन्ही तळहात गवतावर टेकले आणि तिच्या तोंडून पहिल्यांदा आवाज फुटला. मार्थाबाई तिच्याशेजारी बसल्या. सुमंत बसला. शेवटी मीही बसलो.